श्वसनाच्या विषाणूजन्य आजारातून उठल्यावर: प्रकृती सावरण्याची चिनी वैद्यकातील क्रमवार पद्धत

फ्लू, कोविड किंवा त्यांसारख्या एखाद्या विषाणूजन्य आजाराचा ताप उतरतो, चाचणीही निर्दोष येते, आणि तरीही जिना चढताना धाप लागते, रात्री कोरड्या खोकल्याची उबळ झोपू देत नाही, अन्नावर वासना नसते आणि दुपार झाली की अंग गळून जाते. हा मधला काळ धड आजारपणाचा नसतो आणि धड बरेपणाचाही नसतो. पारंपरिक चिनी वैद्यकाने या काळाचा फार पूर्वीपासून वेगळा विचार केला आहे. पूर्व हान राजवटीच्या अखेरीस, म्हणजे इसवी सन २०० च्या सुमारास, झांग झोंगजिंग या वैद्याने तापाच्या आजारांवर ‘शांगहान लुन’ हा ग्रंथ लिहिला. उतरलेला आजार श्रमांमुळे आणि खाण्यामुळे कसा उलटतो, याचे विवेचन त्याच्या शेवटच्या भागात आहे. अगदी अखेरच्या सूत्रातील रुग्णाची नाडी सुधारलेली आहे, पण दिवस मावळला की त्याला अस्वस्थ वाटू लागते. आजार नुकताच उतरलेला असताना त्याला आग्रहाने धान्य खाऊ घातले आणि त्याच्या पोटाला ते अजून पेलत नाही, असे कारण ग्रंथकाराने दिले आहे. जेवण कमी करावे म्हणजे तो बरा होईल, एवढाच उपाय तेथे आहे. शंभराहून अधिक औषधी योग (ठरलेली मिश्रणे) सांगणारा हा ग्रंथ एकाही औषधाचे नाव न घेता संपतो.

या सूत्रात पुढील सगळ्या पद्धतीचा क्रम सापडतो. आधी पोट, मग श्वास आणि हालचाल, मग प्रकृती पाहून औषध, आणि शक्तिवर्धक म्हणून जे ओळखले जाते ते सर्वांत शेवटी. आज इंटरनेटवर चिनी औषधांबद्दल जे वाचायला मिळते, त्यात हा क्रम बहुधा उलटा असतो: जिनसेंग पहिल्या दिवशी आणि पेज कधीच नाही. माझ्या मते या वैद्यकाचे सर्वांत मोलाचे देणे हा क्रमच आहे, आणि त्याचा बराचसा भाग घरच्या घरी, जवळजवळ विनाखर्च पाळता येतो.

आधी डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी

अशक्तपणा ‘आजारानंतरचा’ आहे असे गृहीत धरण्यापूर्वी तो खरोखर तसाच आहे ना, हे पाहिले पाहिजे. बसल्या जागी धाप लागणे, ऑक्सिमीटरवर प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांच्या खाली जाणे, छातीत दुखणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, थुंकीतून रक्त पडणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे, बोलण्यात किंवा शुद्धीत गोंधळ होणे यांपैकी काहीही दिसले तर वनस्पती, सुया आणि व्यायाम यांचा विचार बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. फुप्फुसात रक्ताची गुठळी, नव्याने झालेला जिवाणूजन्य न्यूमोनिया किंवा हृदयाच्या स्नायूला आलेली सूज यांवर पेज आणि काढे हे उत्तर नाही.

विषाणूजन्य आजारानंतरचा खोकला तीन ते आठ आठवडे रेंगाळू शकतो आणि बहुतेकदा तो आपोआप थांबतो. तरीही भारतात राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी, असे राष्ट्रीय कार्यक्रमाचे सांगणे आहे, आणि ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. ‘कोविडनंतरचा खोकला आहे, जाईल’ असे म्हणत महिने काढण्यापेक्षा थुंकीचा नमुना देऊन मोकळे होणे केव्हाही शहाणपणाचे.

पहिले दहा दिवस: पोट सांभाळणे

चिनी वैद्यकात ‘फुप्फुस’ आणि ‘प्लीहा’ ही नावे शरीरशास्त्रातील अवयवांपेक्षा कार्यांच्या गटांना दिलेली असतात. प्लीहा म्हणजे अन्नाचे रूपांतर करून शक्ती निर्माण करण्याची क्षमता, आणि फुप्फुस म्हणजे ती शक्ती श्वासाबरोबर शरीरभर पसरवून त्वचेपर्यंत संरक्षण पुरवण्याची क्षमता. या शक्तीला ‘ची’ म्हणतात, आणि शरीराला ओलावा, शीतलता व पोषण देणाऱ्या द्रव बाजूला ‘यिन’ म्हणतात. या संकल्पना प्रयोगशाळेत मोजता येत नाहीत. पण दोन हजार वर्षांची निरीक्षणे त्यांच्या आधाराने मांडलेली आहेत, आणि त्या समजल्याशिवाय पुढील सूचनांचा अर्थ लागत नाही. प्लीहा फुप्फुसाची माता मानली जाते. म्हणून फुप्फुस दुबळे झाले की वैद्य आधी पोटाकडे वळतो. ‘सुवेन’ या ‘शांगहान लुन’हून जुन्या ग्रंथातील तापावरच्या अध्यायात हेच अधिक थेट शब्दांत आले आहे: तापाचा आजार थोडा उतरला असता मांस खाल्ले तर तो उलटतो, आणि फार खाल्ले तर त्याचा शेष मागे राहतो.

म्हणून पहिले आठ-दहा दिवस मुख्य आहार म्हणजे ‘झोउ’, अर्थात तांदळाची पातळ पेज. कोकणात आजाऱ्याला पेज देण्याची रीत असल्याने मराठी वाचकाला ती नवी नाही. चिनी पद्धत फक्त अधिक वेळ शिजवते. एक वाटी तांदळाला दहा वाट्या पाणी घ्यावे, एक उकळी आली की आच अगदी मंद करावी, आणि दाण्याची कड मोडून पाणी दुधाळ होईपर्यंत एक ते दीड तास शिजू द्यावे. पाणी वेगळे आणि दाणा वेगळा दिसत असेल तर पेज अजून झालेली नाही. पळी वर उचलली की दोन्ही एकजीव होऊन संथपणे खाली ओघळले पाहिजे. चवीपुरते मीठ आणि आल्याचे दोन-तीन पातळ काप पुरेत. तूप, तळण, थंडगार पेये आणि गोडधोड या दिवसांत टाळावे, कारण चिनी दृष्टीने जड आणि स्निग्ध अन्न दुबळ्या प्लीहेवर पडले की त्याचा कफ होतो आणि तो फुप्फुसात साठतो.

थोडी भूक शिल्लक ठेवून दिवसातून चार-पाच वेळा खावे. सकाळी उठल्यावर स्वतःहून भूक लागू लागली की पोट मार्गावर आले असे समजावे आणि मग डाळीचे पाणी, शिजवलेल्या भाज्या, अंडे, मासे किंवा कोंबडीचे सूप या क्रमाने आहार वाढवावा. वृद्धांच्या बाबतीत हा काळ फार लांबवू नये. आजारात त्यांचे स्नायू झपाट्याने झिजतात आणि प्रथिनांवाचून ते भरून येत नाहीत, हे आधुनिक आहारशास्त्राचे म्हणणे येथे जुन्या सूत्राइतकेच मानावे. मधुमेही व्यक्तींना पातळ पेजेने रक्तशर्करा चटकन वाढू शकते. त्यांनी पेजेत मूगडाळ घालावी आणि ग्लुकोमीटर हाताशी ठेवावा.

जीभ पाहून प्रकृती ओळखणे

चिनी वैद्य ‘फ्लूनंतरचे औषध’ असे एकच औषध देत नाही. एकाच घरातील दोघांना एकाच विषाणूने गाठले तरी एकाला पातळ पांढरा कफ आणि सैल शौच, तर दुसऱ्याला कोरडा घसा आणि रात्रीचा घाम अशी वेगवेगळी स्थिती उरते, आणि दोघांचे उपचार जवळजवळ उलट असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाने कोविडच्या उपचारांची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही बरे होण्याच्या काळासाठी असे दोन मुख्य प्रकार धरलेले होते.

पहिला प्रकार म्हणजे फुप्फुस आणि प्लीहा यांची ‘ची’ कमी पडणे. यात धाप लागते, आवाज बारीक होतो, थोड्या हालचालीने घाम फुटतो, भूक मंदावते, पोट फुगते, शौच सैल होते; जीभ फिकट व फुगीर दिसते आणि तिच्या कडांवर दातांचे ठसे असतात. दुसरा प्रकार म्हणजे ‘ची’ आणि ‘यिन’ दोन्ही कमी होणे. यात तोंडाला कोरड पडते, तहान लागते, खोकला कोरडा असतो, छातीत धडधडते, घाम येतो, कधी अंगात कणकण वाटते. जीभ कोरडी आणि तिच्यावरील थर अगदी पातळ किंवा नाहीसा झालेला असतो. यांत तिसरी एक स्थिती जोडावीशी वाटते: आजार उतरूनही जिभेवर जाड, चिकट, पिवळसर किंवा पांढरा थर राहतो, डोके आणि अंग जड वाटते आणि तोंड चिकट असते. याचा अर्थ दोष अजून बाहेर पडलेला नाही. अशा वेळी शक्तिवर्धक औषध देणे म्हणजे चोर घरात असताना दाराला कडी घालणे, अशी चिनी वैद्यांची जुनी म्हण आहे. बरे होताना होणाऱ्या चुकांपैकी ही सर्वांत वारंवार होणारी चूक आहे, आणि तिचे मूळ बहुतेकदा घरच्यांच्या प्रेमळ घाईत असते.

जीभ पाहण्याची वेळ सकाळची, दात घासण्यापूर्वीची आणि चहापूर्वीची असावी, आणि खिडकीजवळच्या उजेडात पाहावी. पिवळ्या दिव्याखाली प्रत्येकाची जीभ पिवळीच दिसते. आपल्याकडे सकाळी उठल्याबरोबर जिभलीने जीभ खरवडण्याची सवय असते. तिने नेमका तो थर निघून जातो ज्यावरून वैद्य निदान करतो. म्हणून तपासणीच्या दिवशी जीभ खरवडू नये आणि आदल्या रात्री हळदीचे दूध, पान किंवा रंगीत गोळ्या टाळाव्यात. रोज एकाच जागी उभे राहून जिभेचे छायाचित्र काढून ठेवले तर दोन आठवड्यांत थर कसा बदलत गेला, हे वैद्याला दाखवता येते. नाडी मात्र स्वतः पाहून अर्थ लावण्याच्या फंदात पडू नये.

प्रकृतीनुसार आहार

कोरड्या प्रकारासाठी चिनी घरांतील पहिला पदार्थ म्हणजे खडीसाखर घालून वाफवलेले नाशपाती. फळ सोलावे, वरचा भाग टोपीसारखा कापून बिया काढाव्यात, पोकळीत खडीसाखरेचे दोन-तीन खडे घालावेत, टोपी पुन्हा बसवावी आणि वाटीत ठेवून अर्धा तास वाफवावे. वाटीत जमलेला रस कोमट असताना फळासह खावा. लिलीच्या कंदाच्या वाळवलेल्या पाकळ्या, म्हणजे ‘बाइहे’, आणि ‘यिनअर’ नावाची पांढरी बुरशी याच कामासाठी शिजवतात. यिनअर दीड-दोन तास मंद आचेवर ठेवली की तिचा दाट, बुळबुळीत पाक होतो आणि तो घशाला सुखावतो.

यिनअर वापरणाऱ्यांनी एक धोका नीट समजून घ्यावा. ही बुरशी पाण्यात भिजवून तास-दोन तासांत शिजवली पाहिजे. ती रात्रभर उबदार हवेत भिजत राहिली तर तिच्यावर एका विशिष्ट जिवाणूची वाढ होऊन बाँगक्रेकिक आम्ल नावाचे विष तयार होऊ शकते, जे उकळल्यानेही नष्ट होत नाही. चीनमध्ये यामुळे मृत्यू झालेले आहेत. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हा इशारा दुप्पट गांभीर्याने घ्यावा. भिजवलेली आणि उरलेली यिनअर टाकून द्यावी.

ज्यांना पातळ पांढरा कफ आहे आणि शौच सैल होते, त्यांनी नाशपातीच्या वाटेला जाऊ नये, कारण ते शीत मानले जाते. त्यांच्यासाठी आले, पेजेत शिजवलेला चिनी कंद ‘शानयाओ’, कमळाच्या बिया, दोन-चार लाल खजुरी बोरे आणि ‘चेनपी’, म्हणजे वाळवून जुनी केलेली मँडरिन संत्र्याची साल, हे पदार्थ आहेत. ग्वांगदोंग प्रांतातील शिनहुई येथील चेनपी सर्वांत नावाजलेली आहे आणि ती वर्षानुवर्षे मुरवतात. बाजारातील संत्र्याची ताजी साल तिला पर्याय म्हणून वापरू नये; तिच्यावर मेणाचा आणि कीटकनाशकांचा अंश असतो. जिभेवर जाड थर असलेल्यांनी दोन्ही यादींतील गोड पदार्थ बाजूला ठेवून साधी पेज, मुळ्याचे सूप आणि शिजवलेल्या पालेभाज्या एवढ्यावर आणखी आठवडा काढावा.

औषधे: काय दिले जाते आणि का

हा भाग वाचून कोणीही स्वतःसाठी काढा बांधू नये. वैद्याने दिलेली चिठ्ठी समजावी आणि त्याला योग्य प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठी तो आहे.

‘ची’ कमी असलेल्यांसाठी २०२० च्या चिनी मार्गदर्शक तत्त्वांतील योगात भाजलेली हुआंगची ३० ग्रॅम, दांगशन १५ ग्रॅम आणि फुलिंग नावाची बुरशी १५ ग्रॅम होती. जोडीला बाइझू हे मूळ, चेनपी, संस्कारित बानश्या हा कंद, हुओशियांग ही सुगंधी वनस्पती, शारेन हे वेलदोड्याच्या कुळातील फळ आणि थोडे ज्येष्ठमध. हुआंगची म्हणजे अ‍ॅस्ट्रॅगॅलसचे मूळ, आणि दांगशन हे जिनसेंगहून सौम्य व स्वस्त असे कोडोनॉप्सिसचे मूळ. या यादीकडे नीट पाहिले तर दिसते की बळ देणारी द्रव्ये तीन-चारच आहेत. उरलेली कफ मोकळा करणारी, पोट जागे करणारी आणि साठलेला ओलावा काढणारी आहेत. बळ देताना वाट मोकळी ठेवायची, हे तत्त्व येथे ग्रॅमच्या आकड्यांत उतरलेले आहे, आणि निव्वळ जिनसेंगच्या कॅप्सूलमध्ये नेमके तेच हरवते.

कोरड्या प्रकारच्या योगात शाशन आणि माइदोंग ही मुळे, अमेरिकन जिनसेंग, वूवेइझी ही वाळलेली फळे, जिप्सम हे खनिज, बांबूसारख्या एका गवताची पाने, तुतीची पाने, बोरूची मुळे, दानशेन हे मूळ आणि ज्येष्ठमध आहे. वैद्यकाचा इतिहास जाणणाऱ्याला त्यात तीन जुने योग एकत्र दिसतात. जिप्सम आणि पाने ‘शांगहान लुन’मधील ‘झू ये शी गाओ तांग’ची आठवण देतात, ताप उतरल्यावर कृश झालेल्या, धाप लागणाऱ्या आणि मळमळणाऱ्या रुग्णासाठी झांग झोंगजिंगने तो सांगितला होता. शाशन, माइदोंग आणि तुतीची पाने ही अठराव्या शतकाच्या अखेरीस वू जुतोंग याने मांडलेल्या ‘शाशन माइदोंग तांग’मधली, आणि जिनसेंग, माइदोंग व वूवेइझी हे त्रिकूट म्हणजे प्रसिद्ध ‘शेंग माइ सान’. घशात खवखव होऊन उबळीने येणारा खोकला तेवढा उरला असेल, तर १७३२ मधील ‘यीश्युए शिनवू’ या ग्रंथात चेंग ग्वोपेंग याने दिलेले ‘झी सोउ सान’ आजही वापरात आहे.

महिना उलटूनही थकवा जात नसेल तर बरेच वैद्य ‘बू झोंग यी ची तांग’कडे वळतात. ली दोंगयुआन याने तो तेराव्या शतकात, युद्ध आणि उपासमारीने खंगलेल्या लोकांना पाहून रचला. जपानमध्ये ‘होचूएक्कितो’ या नावाने डॉक्टर तो आजही लिहून देतात. वारंवार सर्दी होणाऱ्यांना हुआंगची, बाइझू आणि फांगफेंग या तीनच द्रव्यांचे ‘यू पिंग फेंग सान’ देतात; पण ते आजार पूर्ण उतरल्यावर, अंगात ताप किंवा घशात दाह नसतानाच.

पुराव्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. या योगांवर चीनमध्ये अनेक अभ्यास झाले आहेत, परंतु त्यांतील बरेचसे लहान आहेत, आणि रुग्णाला कोणते औषध मिळाले हे झाकून ठेवण्याची काळजी सर्वत्र घेतलेली नाही. ‘विषाणूनंतरचा थकवा या काढ्याने निश्चित जातो’ असे म्हणण्याइतका आधार आज उपलब्ध नाही. बहुतेक लोक काही आठवड्यांत आपोआपच बरे होतात, हेही विसरू नये. म्हणून वैद्याशी आरंभीच मुदत ठरवावी: दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी, आणि चार ते सहा आठवड्यांत फरक नसेल तर औषध बंद.

काढा घरी उकळायचा असेल तर मातीचे, काचेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे भांडे वापरावे. लोखंड, तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम टाळावे. द्रव्ये अर्धा तास थंड पाण्यात भिजवावीत आणि पाणी त्यांच्या वर दोन बोटे असावे. जिप्सम आधी वेगळे उकळतात, शारेनसारखी सुगंधी द्रव्ये शेवटच्या पाच मिनिटांत घालतात, आणि बाकीचा काढा उकळी आल्यावर तीस-चाळीस मिनिटे मंद आचेवर ठेवतात. गाळून घेतलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा काढा करतात, दोन्ही एकत्र करून सकाळ-संध्याकाळ कोमट घेतात. दोन वेगवेगळे काढे घेतले तर पहिला कडक आणि दुसरा पाणचट होतो, म्हणून ते मिसळणे आवश्यक आहे.

औषधांचे धोके

रक्त गोठू न देणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांनी दानशेन, दांगग्वी (अँजेलिकाच्या जातीचे मूळ) आणि जिनसेंग टाळलेच पाहिजेत. पहिल्या दोघांमुळे रक्तस्राव होऊ शकतो, तर जिनसेंग वॉरफेरिनचा परिणाम कमी करू शकते. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्याने पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. माहुआंग म्हणजे एफेड्रा खोकल्याच्या अनेक योगांत असते, पण हृदयविकार आणि उच्च रक्तदाब असलेल्यांना ते घातक ठरू शकते; अमेरिकेने २००४ मध्ये आहारपूरकांतून त्यावर बंदी घातली. अवयव प्रत्यारोपण झालेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तींनी हुआंगची घेऊ नये. बानश्या, आणि फूझी हे बचनागाच्या कुळातील मूळ, ही दोन्ही कच्ची असताना विषारी असतात.

सौम्य समजल्या जाणाऱ्या योगांनीही इजा होऊ शकते. ‘श्याओ चाइहू तांग’ हा जुना आणि लोकप्रिय योग जपानमध्ये यकृतदाहाच्या रुग्णांना दिला जात असताना, विशेषतः इंटरफेरॉन या विषाणूरोधक इंजेक्शनबरोबर, काहींच्या फुप्फुसांना गंभीर सूज आली आणि मृत्यू झाले. १९९६ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने इशारा दिला. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी वजन घटवण्याच्या चिनी औषधांत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली चुकीची वनस्पती गेल्याने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून औषध घेत असताना धाप किंवा कोरडा खोकला वाढला तर ‘दोष बाहेर पडतो आहे’ अशा स्पष्टीकरणावर विश्वास न ठेवता औषध थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. ज्या डबीवर घटकांची पूर्ण यादी नाही ती घेऊ नये. खोकल्याच्या ज्या गोळ्यांनी दोन दिवसांत चमत्कार होतो, त्यांत लपवलेले स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी.

कोणाकडे जावे, हा प्रश्न जागेनुसार वेगळा आहे. सिंगापूर, हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलिया येथे चिनी वैद्यांची कायदेशीर नोंदणी असते, आणि तेथील मराठी वाचकांना वैद्याचे नाव नोंदवहीत पडताळता येते. भारतात चिनी वनौषधी वैद्यक आयुषमधील मान्यताप्राप्त पद्धतींत येत नाही. त्यामुळे येथे काढ्यांच्या बाबतीत मी सावधगिरीचाच सल्ला देईन. अ‍ॅक्युपंक्चरची स्थिती निराळी आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये त्याला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, आणि महाराष्ट्राने त्यापूर्वीच त्यासाठी कायदा करून परिषदेची तरतूद केली होती. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून १९३८ मध्ये चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले.

दाबबिंदू, सुया आणि मॉक्सा

घरी करण्याजोगा सर्वांत उपयुक्त बिंदू ‘झूसानली’ आहे. खुर्चीत बसून गुडघा काटकोनात वाकवावा. गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूला एक खळगा लागतो. तेथून खाली स्वतःची चार बोटे आडवी ठेवावीत, आणि नडगीच्या हाडाच्या कडेपासून बाहेर एक बोट सरकावे. अंगठ्याने दाबल्यावर बोथट, जड अशी कळ पावलाकडे सरकल्यासारखी वाटली की जागा बरोबर आहे. प्रत्येक पायावर दोन मिनिटे, दिवसातून दोनदा दाबावे. भूक आणि थकवा यांसाठी तो वापरतात. मळमळ आणि छातीतील दडपणासाठी ‘नेइगुआन’ आहे: मनगटाच्या आतील घडीपासून तीन बोटे वर, दोन स्नायुबंधांच्या मध्ये. खोकल्यासाठीचा ‘फेइशू’ पाठीवर तिसऱ्या वक्षमणक्याच्या खाली, मध्यरेषेपासून दोन बोटे बाजूला असतो, त्यामुळे तेथे दुसऱ्याची मदत लागते. गरोदर स्त्रियांनी हातावरील ‘हेगू’ आणि घोट्यावरील ‘सानयिनज्याओ’ हे बिंदू दाबू नयेत.

पाठीवर आणि छातीवर सुया टोचून घेताना उपचारकाला फुप्फुसाचा आजार होऊन गेल्याचे आवर्जून सांगावे. खोल गेलेल्या सुईने फुप्फुसाला छिद्र पडणे दुर्मीळ आहे, पण ते घडलेले आहे. मॉक्सा, म्हणजे दवण्याच्या कुळातील वाळलेल्या पानांची कांडी पेटवून दिलेला शेक, चीनच्या सूचनांत असला तरी त्याचा धूर दाट असतो. ज्याची श्वासनलिका अजून हुळहुळी आहे त्याने बंद खोलीत तो धूर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. गरम पाण्याची पिशवी पाठीला लावणे बरे.

श्वास आणि हालचाल

‘लिउझीज्युए’ या सहा ध्वनींच्या श्वसनपद्धतीतील फुप्फुसाचा ध्वनी दातांमधून सोडलेल्या लांब ‘स्स्स’सारखा असतो. ताठ बसून नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि त्याच्या दुप्पट वेळ हा ध्वनी करत सोडावा. सहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. श्वासोच्छ्वासाची गती कमी होते आणि धाप लागल्यावर होणारी घाबरगुंडी आटोक्यात येते, हा त्याचा प्रत्यक्ष लाभ आहे. चक्कर आली तर लगेच थांबावे.

त्यानंतर ‘बादुआनजिन’. या आठ हालचालींचा उल्लेख सोंग राजवटीपासून (दहावे ते तेरावे शतक) मिळतो, आणि चीनच्या क्रीडा प्रशासनाने २००३ मध्ये त्यांचे प्रमाणित रूप प्रसिद्ध केले. संपूर्ण क्रमाला सुमारे बारा मिनिटे लागतात. आजारातून उठलेल्याने बारा मिनिटांपासून सुरुवात करू नये. पहिल्या आठवड्यात खुर्चीत बसून पहिली हालचाल करावी: दोन्ही हातांची बोटे गुंफून, तळवे वर करून आकाश उचलल्यासारखे ताणावे, श्वास वर जाताना घ्यावा आणि खाली येताना सोडावा. जोडीला तिसरी, म्हणजे एक हात वर आणि एक खाली दाबण्याची, पोटासाठीची हालचाल तीन-तीन वेळा करावी. दुसऱ्या आठवड्यात उभे राहून दुसरी, धनुष्य ओढण्याची, आणि चौथी, मान वळवून मागे पाहण्याची हालचाल घ्यावी. खोल बैठकीत डोके आणि कंबर फिरवण्याची पाचवी आणि खाली वाकून पाय धरण्याची सहावी या दोन्ही सर्वांत शेवटी, उभे राहिल्यावर चक्कर येणे पूर्ण थांबल्यावर घ्याव्यात.

किती करावे याचे माप त्याच दिवशी मिळत नाही. काही जणांना श्रमांनंतर एक-दोन दिवसांनी थकवा, डोके जड होणे आणि अंगदुखी उसळून येते. अशा लोकांनी ‘रोज थोडे अधिक’ हा नियम सोडून द्यावा. व्यायामानंतरच्या दोन दिवसांची नोंद ठेवावी, आणि थकवा वाढलेला दिसला तर प्रमाण निम्म्यावर आणून दोन आठवडे तेवढ्यावरच राहावे. बैठे काम, लांबचा प्रवास आणि पाहुण्यांची वर्दळ यांनाही श्रमांत धरावे. झांग झोंगजिंगच्या ग्रंथात आजार उलटवणारे श्रम सांगितले आहेत ते शेतातल्या कामापुरते नाहीत. आजार सुरू होऊन तीन महिने झाले आणि धाप, थकवा किंवा स्मरणातील गोंधळ कायम असेल, तर कोविडनंतरच्या दीर्घकालीन विकारासाठी डॉक्टरांकडून पुन्हा संपूर्ण तपासणी करून घ्यावी आणि त्या भेटीला जाताना घेतलेल्या प्रत्येक काढ्याची चिठ्ठी, द्रव्यांच्या नावांसह आणि ग्रॅमसह, सोबत न्यावी.